मॅच एअर पिस्टल हातात आली की बघायचं काय

स्टायर, मोरिनी, वॉल्थर असली लाखाच्या वरची, दहा मीटर नेमबाजीच्या स्पर्धेची हवेवर चालणारी पिस्टल कोणी रेंजवर काढली की सगळे रंग बघतात नि किंमत विचारतात, पण पैसे जातात ते ग्रिप आणि ट्रिगरमध्ये हो, आणि ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

हातात घेतली की आधी लोडिंगची जागा उघडून आत पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, नाहीये ना हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, नळीचं तोंड टार्गेटकडेच, कौतुक नंतर.

आता ग्रिप. अक्रोडाचं लाकूड, बारीक टोचे मारून खरबरीत केलेलं, खाली तळहाताला टेकू देणारी फळी स्क्रूने वरखाली होते. डोळे मिटून हात उचला, एक-दोन श्वास घ्या, डोळे उघडा. पुढची सायट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, मागच्या खाचेत मधोमध दिसली तर ग्रिप तुमच्या हाताची. डावीउजवीकडे गेली असेल तर मनगट वाकवून जुळवायचं नाही, ग्रिपचा कोन बदलायचा. आणि लगेच कानस घेऊन बसू नका बरं का, आधी वुड पुटी लावून बघा, पुटी खरवडून काढता येते, घासलेलं लाकूड परत येत नाही.

ट्रिगरची खरी मजा ड्राय फायरमध्ये, म्हणजे पेलेट न झाडता नुसता ट्रिगर ओढण्यात. स्पर्धेच्या नियमाने ट्रिगर सुटायला किमान 500 ग्रॅम वजन लागतं, पण चांगल्या ट्रिगरमध्ये पहिला टप्पा मऊ सरकतो, मग बोटाला स्पष्ट अडतं, तिथे थांबायचं, नजर सायटवर ठेवून हळूहळू दाब वाढवत न्यायचा आणि सुटताना सायट हलते का तेवढंच बघायचं. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त 11.5 मिलीमीटरचं आहे, सायट केसभर हलली तरी दहा मीटरवर गोळी नवात नाहीतर आठात. मोरिनीच्या काही मॉडेलचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक असतो, बॅटरीवाला, त्याचा फील वेगळा, काहींना जाम आवडतो, मला मेकॅनिकलच बरा वाटतो.

सेकंड हँड घेत असाल तर हे सगळं बघून हुरळून जायच्या आधी पिस्टलच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. आत 200 बार दाबाची हवा असते, कंपन्या दहा वर्षांनी सिलिंडर बदलायला सांगतात, मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरचे पैसे कापूनच भाव करा.