सिव्हिलनंतर क्षेत्र निवडताना या चुका टाळा

सिव्हिलची पदवी हातात आली की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: स्ट्रक्चर, म्हणजे इमारती-पुलांच्या सांगाड्याचं डिझाइन. वर्गातली हुशार मुलं तिकडे जातात, म्हणून आपणही. पण स्ट्रक्चरल डिझायनरचा दिवस कॉम्प्युटरसमोर, मॉडेल आणि ड्रॉइंग तपासण्यात जातो. ज्याचं मन स्लॅबच्या धावपळीत रमतं, तो तिथे लवकर कंटाळतो. आणि ज्याला नदी-धरणांचं गणित आवडतं, त्याला खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था कुणी दाखवलेलीच नसते. १९१६ साली सुरू झालेल्या या संस्थेत सांडव्यांच्या, बंदरांच्या प्रतिकृती बांधून पाण्याचा अभ्यास चालतो. क्षेत्राचं नाव पाहू नका, तिथे रोज काय काम करावं लागतं ते विचारा.

सगळ्यात महागात पडते ती सॉफ्टवेअरच्या क्लासची घाई. स्टॅड आणि ईटॅब्स या स्ट्रक्चर डिझाइनच्या सॉफ्टवेअरची प्रमाणपत्रं असतात, पण आलेलं उत्तर बरोबर की चूक हे सांगता येत नाही. साधं उदाहरण घ्या. ४ मीटरचा साधा आधार दिलेला बीम, त्यावर मीटरला २० किलोन्यूटन भार. मधला बेंडिंग मोमेंट (बीमला वाकवणारा परिणाम) ४० किलोन्यूटन-मीटर यायला हवा. सॉफ्टवेअर मधोमध १३.३ आणि टोकांना २६.७ दाखवत असेल, तर तुम्ही टोकं फिक्स्ड, म्हणजे घट्ट जखडलेली, धरली आहेत. हे कागदावर दोन मिनिटांत कळतं. कळत नसेल तर नवा क्लास लावू नका, आधी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स पुन्हा उघडा.

साइटवर दोन वर्षं काढूनही नुसती देखरेखच करत असाल, तर बिलिंगचं काम मागून घ्या. त्याला कमी लेखणारे फार आहेत, आणि ते मला मनापासून खटकतं. मोजमाप, बार बेंडिंग शेड्यूल (सळयांचा तक्ता), आरए बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) येणारा इंजिनिअर पुढे क्वांटिटी सर्व्हेइंग, प्लॅनिंग, काँट्रॅक्ट्स, कुठेही जाऊ शकतो. १२ मिलिमीटर सळईचं मीटरला वजन विचारल्यावर ०.८९ किलो हे उत्तर लगेच यायला हवं. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, एवढंच सूत्र आहे.

स्पर्धा परीक्षा द्यायची तर मुदत ठरवून द्या. केंद्राच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेला खुल्या गटासाठी ३० वर्षांची मर्यादा आहे, आणि कामाचा अनुभव नसलेली मधली वर्षं खासगी कंपनीच्या मुलाखतीत अडचणीची ठरतात. गेट (एम.टेक. प्रवेशासाठीची आणि काही सरकारी कंपन्यांच्या भरतीत चालणारी परीक्षा) तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि स्कोअर ३ वर्षं चालतो, त्यामुळे ती परीक्षा कॉलेजात असतानाच देऊन टाका.