कोर्ट व्हिजिटची डायरी खरी कशी लिहावी

दर उन्हाळ्यात माझ्या वकिलीच्या ऑफिसात लॉचे चार-पाच विद्यार्थी इंटर्नशिपला येतात. कोर्टात काय पाहिलं याची डायरी त्यांना कॉलेजात जमा करायची असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांतला एक जण हळूच विचारतो, "सर, सीनियरची जुनी डायरी मिळालीय, तारखा बदलून उतरवली तर चालेल ना?" नाही चालणार. मी उतरवली होती, म्हणून सांगतो.

आधी आठवड्यांचा हिशेब बघा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या एलएलबीला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला 20 आठवडे इंटर्नशिप लागते, आणि कुठल्याही एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. "शेवटच्या सुट्टीत सगळं एकदम उरकू" म्हणणारे इथेच अडकतात. वकील निवडताना नाव मोठं आहे का ते बघू नका, रोज ट्रायल कोर्टात उभा राहतो का ते बघा. कॉलेजचं पत्र पहिल्याच दिवशी द्या. पांढरा शर्ट, काळा कोट घाला. बँड आणि गाऊन वकिलीची सनद मिळाल्यावर.

आता खरी अडचण. मूट कोर्ट, म्हणजे सरावाच्या नकली कोर्टाच्या, 100 गुणांच्या पेपरात 30 गुण खटल्यांच्या निरीक्षणाचे असतात: एक दिवाणी, एक फौजदारी. ऐकायला सोपं वाटतं. मी दिवाणीसाठी वाटणीचा एक दावा धरला होता. चार तारखांना गेलो. एकदा वादीचे वकील आजारी, एकदा प्रतिवादीचा मुदतीचा अर्ज, एकदा न्यायाधीश साहेब रजेवर, चौथ्यांदा बोर्डच, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, एवढं मोठं की पुकारा होईपर्यंत पाच वाजले. कंटाळून सीनियरची डायरी घेतली आणि जोडीला कल्पनेतून लिहिलं: "वादीच्या वकिलांनी वादीला सरतपासात प्रश्न विचारले, वादीने सविस्तर उत्तरे दिली." सरतपास म्हणजे साक्षीदाराला त्याच्याच बाजूच्या वकिलाने केलेली विचारपूस.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "पहिला प्रश्न काय विचारला होता?" मी काहीतरी ठोकून दिलं. त्यांनी डायरी मिटली आणि म्हणाले, "दिवाणी दाव्यात सरतपास शपथपत्रावर येतो. प्रश्न कुठून ऐकलेस?" दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 18, नियम 4 मला पाठ होता. कोर्टात तो कसा दिसतो हे पाहिलं नव्हतं, एवढंच. साक्षीदार पिंजऱ्यात येतो, शपथ घेतो, शपथपत्रावरची सही आपलीच असल्याचं सांगतो, कागदांना निशाणी क्रमांक पडतात आणि थेट उलटतपास सुरू होतो. एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस यात चुकूच शकत नाही.

म्हणून पहिला दावा दिसला की तोच धरायचा, हे करू नका. संपूर्ण खटला सुरुवातीपासून निकालापर्यंत बघायचा नादही सोडा. दिवाणी दावा तुमच्या डिग्रीपेक्षा जास्त वर्षं चालतो. ज्यांच्याकडे आहात त्या वकिलांना विचारून बेंच क्लार्कला भेटा, सकाळी, कोर्ट बसायच्या आधी. एकच प्रश्न विचारा: "पार्ट हर्ड काय आहे?" म्हणजे साक्षीदार अर्धा तपासून झालेलं प्रकरण. ते पुढे सरकण्याची शक्यता सगळ्यात जास्त. फौजदारीसाठी पोलीस केस घ्या, शक्यतो आरोपी तुरुंगात असलेली. चेक बाउन्सची प्रकरणं ढिगाने मिळतात, पण तिथेही तक्रारदाराचा सरतपास बहुधा शपथपत्रावरच असतो. फिर्यादी तोंडी काय सांगतो आणि आरोपीचे वकील त्याला पोलिसांपुढच्या जबाबावरून कसं अडवतात, हे पाहायचं तर पोलीस केसच हवी. आधीच्या टप्प्यांसाठी दाव्याची प्रत, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), कोर्टाने काढलेले वादाचे मुद्दे वकिलांच्या फाइलमधून वाचा आणि डायरीत तसंच लिहा: "हा भाग कागदपत्रांवरून." यात कमीपणा काही नाही.

इन-कॅमेरा प्रकरणांत घुसू नका. बलात्काराचे आणि पोक्सोचे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचे) खटले बंद दाराआड चालतात. फाइल हाताशी आली तरी पीडितेचं नाव, गाव, शाळा डायरीत येता कामा नये.

कोर्टात बसल्यावर मोबाइल बंद. छोटी वही ठेवा आणि निकालपत्रात न येणाऱ्या गोष्टी टिपा: साहेबांनी कोणता प्रश्न नाकारला, कोणत्या कागदाला हरकत घेतली गेली, साक्षीदार कुठे अडखळला, साहेबांनी स्टेनोला कोणतं वाक्य कसं सांगितलं. डायरी त्याच रात्री लिहा. रविवारी आठवड्याची एकदम लिहिलेली पानं मला लांबूनच ओळखू येतात. शाई एक, अक्षर एक, आणि सातही दिवस "आज बरेच काही शिकायला मिळाले."

कलमांचे आकडे जपून लिहा. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले, पण त्याआधी सुरू झालेले खटले जुन्याच संहितेने चालतात. त्यामुळे एका कोर्टात आरोपीचा जबाब कलम 313 खाली आणि शेजारच्या कोर्टात 351 खाली होताना दिसेल. दोन्ही बरोबर. तुमचा खटला कधीचा आहे ते बघा.

डायरीत पक्षकारांच्या मुलाखतींचीही पानं असतात. त्यांसाठी वकिलांच्या ऑफिसात कोपऱ्यात बसून ऐका, मध्ये बोलू नका. बाकी त्या पानांत अवघड काही नाही.

शेवटच्या सेमिस्टरला निकालाआधी आणखी एक कागद लागतो. बार कौन्सिलच्या सप्टेंबर 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे गुन्हा दाखल आहे का, एकाच वेळी दुसरी नियमित पदवी घेतली का, नोकरी करत होता का, याची माहिती द्यावी लागते. नोकरी केली असेल तर मालकाचं ना हरकत पत्र आत्ताच मागून ठेवा, राजीनामा दिल्यावर ते मिळवायला महिने जातात.

डायरीवर वकिलांची सही त्या-त्या आठवड्याला घ्या. जमा करण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि पोच घ्या. माझ्याकडच्या एका मुलीची डायरी कॉलेजच्या कपाटातून गायब झाली होती. फोटो होते, म्हणून दोन दिवसांत मी पुन्हा सह्या करून दिल्या.