धरणाचा विसर्ग आणि नदीची पातळी बघून गळ टाकायला कसं जायचं

गळ टाकायला निघताना आपण आभाळ बघतो, ते बघायलाच पाहिजे, पण कृष्णा-कोयना-पंचगंगेच्या पट्ट्यात एवढ्यावर भागत नाही. सांगलीत कडक ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते, कारण पाऊस पडलाय तिकडे महाबळेश्वर-नवजाला आणि दरवाजा उघडलाय कोयनेला. त्यामुळे काठावर बसणाऱ्याने पाणी किती आहे यापेक्षा ते चढतंय की उतरतंय, किती वेगाने, आणि वरून अजून काय निघालंय हे बघायचं. सगळे आकडे फोनवर फुकट मिळतात, फक्त ते वाचायचे कसे ते कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी आपल्या जागेच्या वर काय आहे ते काढा

मॅप उघडा आणि तुमच्या पॉइंटपासून नदी धरून वर वर जा. सांगलीच्या वरच्या बाजूला कृष्णेवर धोम आहे, तिला मिळणाऱ्या नद्यांवर कण्हेर, उरमोडी, तारळी, आणि कराडला प्रीतिसंगमावर कोयना येऊन मिळते, म्हणजे एकट्या कोयनेचा आकडा बघून सांगलीचं गणित जमत नाही. कोल्हापूरकरांना भोगावतीवरचं राधानगरी माहीत असतं पण पंचगंगेत तुळशी, कुंभी आणि कासारीचंही पाणी येतं. पुण्यात मुठेवर बसणार असाल तर खडकवासला. प्रत्येक धरण तुमच्या जागेपासून नदीच्या वाटेने किती किलोमीटर आहे (रस्त्याने नाही, नदी वळणं घेते) आणि मध्ये कुठले मोठे ओढे मिळतात हे एकदा कागदावर लिहून ठेवा. ओढ्यांवर दरवाजा नसतो, त्यांचा विसर्ग कुणी जाहीर करत नाही, त्यामुळे धरण बंद असलं तरी मधल्या पावसाने नदी फुगू शकते.

चार आकडे, चार वेगळ्या गोष्टी

टीएमसी म्हणजे धरणात साठलेलं पाणी, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. टक्केवारी सरळ वाटते पण तिच्यात गोम असते, उदाहरणार्थ उजनीत मृतसाठाच (तळाचा, एरवी वापरात न धरलेला साठा) ६३ टीएमसीच्या वर आहे आणि टक्के मोजतात ते त्याच्या वरच्या उपयुक्त साठ्याचे, म्हणून उन्हाळ्यात उजनी 'मायनस'मध्ये असते आणि तरीही समोर अथांग पाणी दिसतं.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. कोयनेच्या पायथा वीजगृहाची दोन्ही युनिट चालू असली की नदीत २१०० क्युसेक येतात, म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळपास सहा टँकर ओतल्यासारखं. बातमीत 'फक्त २१०० क्युसेक' असं लिहितात. पूर म्हणून ते काहीच नाही हे खरं, पण पात्रातल्या दगडावर बसलेल्या माणसाला ते पुरेसं आहे.

चौथा आकडा फुटांचा, तो पुलाजवळच्या किंवा बंधाऱ्याजवळच्या पट्टीवरचा. सांगलीत आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३. आता इथे बरेच जण फसतात. आज राजारामला २५ फूट आहे, इशारा ३९ ला, म्हणजे अजून चौदा फूट बाकी, चला. अरे ती पातळी गावं आणि रस्ते यांच्यासाठी ठरवलेली आहे, गळवाल्यांसाठी नाही! पाणी २५ वरून २८ वर गेलं तर प्रशासनाच्या लेखी काही झालेलं नसतं आणि तुमची बसायची जागा मात्र पाण्याखाली असते.

एकच आकडा बघू नका, लागोपाठचे तीन बघा

जलसंपदा विभाग आणि जिल्ह्याचं माहिती कार्यालय पावसाळ्यात रोज पाणीपातळीचे अहवाल काढतात, जोर असला की दिवसातून अनेकदा. केंद्रीय जल आयोगाच्या साइटवर पूर अंदाजाची स्टेशनं दिसतात. सकाळी ७, १० आणि दुपारी १ चे आकडे शेजारी लिहा. फूट-इंच वाढत असतील तर किती तासात किती, घटत असतील तर किती. स्थिर किंवा हळूहळू उतरणारी पातळी चांगली. तीन तासात अर्धा फूट चढलं असेल तर मी तरी घरीच बसतो, मासे कितीही लागत असोत.

धरणाच्या अहवालात विसर्गाच्या शेजारी 'आवक' (वरून धरणात येणारं पाणी) असते, ती आधी वाचा. धरण भरत आलंय, आवक मोठी आणि विसर्ग छोटा, याचा अर्थ विसर्ग वाढणार. गणित सोपं आहे: ११,५७४ क्युसेक चोवीस तास आले की एक टीएमसी होतो. खडकवासल्याची क्षमता १.९७ टीएमसी आहे आणि वरती पानशेत, वरसगाव, टेमघर, म्हणजे २३ हजार क्युसेकच्या आसपास आवक झाली तर रिकामं खडकवासला एका दिवसात भरेल, आणि पावसाळ्यात ते रिकामं नसतंच. त्यामुळे मुठेचा विसर्ग तासातासाला बदलतो, सकाळी एक आणि दुपारी दुसराच, आणि मुठेवरच्या सखल भिडे पुलावर पाणी आलं की अख्ख्या पुण्याला कळतं पण नदीकडेला बसलेल्याला त्याच्या बरंच आधी कळायला हवं.

राधानगरीची गोष्ट आणखी वेगळी. तिथे सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण पूर्ण भरलं की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, बटण दाबायला कुणी लागत नाही, मग रात्रीचे दोन वाजलेत की पहाटेचे पाच याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक निघतात. म्हणून राधानगरी ९५ टक्क्यांच्या पुढे गेलं आणि दाजीपूरकडे पाऊस लागून राहिलाय असं दिसलं की भोगावतीच्या काठावर रात्रीचा बेत करूच नका, सकाळचाही आकडा बघूनच.

आणि व्हॉट्सअपवर आलेला '५० हजार क्युसेक सोडले' हा मेसेज कुठल्या सालातला आहे ते आधी बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुराचे व्हिडिओ दर जुलैत नव्याने फिरतात. तारीख आणि वेळ नसलेला आकडा धरायचाच नाही.

पाणी पोचायला किती वेळ

सोडलेलं पाणी लगेच येत नाही, आणि हीच आपली सवलत. पण वाढीची लाट प्रत्यक्ष पाण्याच्या वेगापेक्षा जोरात पुढे सरकते, त्यामुळे सावध हिशोबासाठी ताशी ८ ते १० किलोमीटर धरा. जागा धरणापासून ४० किलोमीटरवर असेल तर विसर्ग वाढल्याच्या वेळेपासून चार तासांच्या आत तिथून उठायचं. नदी सपाटीला लागली की लाट मंदावते, सांगलीकडे तर बरीच, तरी हिशोब सावधच ठेवा. आणि धरणाच्या पाच-सात किलोमीटर खाली बसत असाल तर हिशोब विसरा, तिथे भोंगा वाजला की उठायचं, दोरी गुंडाळत बसायचं नाही.

काठावर पोचल्यावर खूण ठोका

हे एक काम कुणीच करत नाही आणि सगळ्यात उपयोगाचं हेच आहे. हातभर लांबीची काठी घ्या, चाकूने बोटा-बोटावर खाचा पाडा आणि पाण्याच्या कडेला, जिथे लाटा आपटत नाहीत अशा जागी चिखलात रोवा. वेळ बघून ठेवा. दर पंधरा मिनिटांनी नजर टाका. फ्लोटकडे बघणाऱ्या माणसाला पाणी चार बोटं चढलेलं कळत नाही कारण ते कडेने गवतात शिरत शिरत येतं. पंधरा मिनिटांत दोन खाचा बुडाल्या तर सामान उचला, खात्री करायला अजून पंधरा मिनिटं थांबू नका.

काठीच्या आधीही काही गोष्टी दिसतात. मधल्या धारेत काडीकचरा, वाळकी पानं, फेसाचे पुंजके अचानक वाढले की समजायचं वर कुठेतरी कोरडा काठ नुकताच भिजलाय. निवळ पाणी चहाच्या रंगाचं व्हायला लागणं, उघडा दिसणारा दगड गायब होणं, पाण्याचा आवाज बदलणं, सगळं तेच सांगतं. उलट काठावर ओल्या मातीचा ताजा पट्टा दिसत असेल तर पाणी उतरतंय.

पण उतरतं पाणी म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. कृष्णाकाठच्या मळीत (गाळाच्या जमिनीत) माती पाणी पिऊन जड झालेली असते, बाहेरून पाण्याचा आधार निघाला की कडा ढासळते, तीही आवाज न करता, बसलेल्या माणसासकट. उभ्या कडेपासून निदान कडेच्या उंचीइतकं मागे बसा आणि जमिनीला काठाला समांतर भेग दिसली तर ती जागाच सोडा.

बंधारा, उन्हाळा आणि चढणीचे मासे

कोल्हापुरी बंधाऱ्याच्या खाली मासे जमतात हे खरंय, रोहू असो की वाम, आणि म्हणूनच तिथे गर्दी असते. पण बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली गोल फिरतं, वर आलेली वस्तू परत भिंतीकडे ओढली जाते, पोहता येणाऱ्याचंही तिथे काही चालत नाही. बंधाऱ्यावर पाणी वाहत असताना त्याच्यावर चढून गळ टाकणं तर बंदच करा, शेवाळ असतं. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे (पाणी अडवायला बंधाऱ्यात बसवलेल्या फळ्या) काढतात तेव्हा मागे तुंबलेलं पाणी एकदम खाली येतं, त्या दिवसांत गावात विचारून घ्या, बरगे काढणारी माणसं गावातलीच असतात.

एप्रिल-मेमध्ये आभाळ स्वच्छ असतं आणि पाणी तरीही येतं. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांसाठी कोयनेतून नदीत पाणी सोडतात, इतर धरणांची आवर्तनं (शेतीसाठी पाणी सोडायच्या पाळ्या) असतात. उघड्या पडलेल्या पात्रात मधल्या खडकावर जाऊन बसायचा मोह याच दिवसांत होतो. जायचंच तर परत येताना पाणी गुडघ्याखाली राहील अशीच वाट निवडा. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे जाताना सोपी वाटलेली वाट येताना सोपी राहीलच असं नाही.

पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला रात्री ओढ्यात उतरणं मला तर दोन्ही बाजूंनी पटत नाही. ओढा मिनिटांत फुगतो, आणि ते मासे अंडी घालायला निघालेले असतात, तेच धरले तर पुढच्या वर्षी काय धरणार.

बाकी थोडं

एकटे जाऊ नका, घरी पॉइंटचं नाव आणि परतायची वेळ सांगून जा. गाडी वरच्या रस्त्याला लावा, नदीकडे तोंड करून नाही. लाइफ जॅकेट घालायला लाज वाटत असेल तर ती घरी ठेवून या. गमबूट पाण्याने भरले की पाय उचलत नाही, म्हणून साधे पट्ट्याचे सँडल बरे. वीज चमकायला लागली की कार्बनचा रॉड खाली ठेवा, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या. सांगली भागात कृष्णेत मगरी आहेत, त्यामुळे मासे पाण्याच्या कडेला साफ करायचे नाहीत आणि पाण्यात पाय सोडून बसायचं नाही. धरणाच्या जलाशयात ठेका बहुतेक मच्छीमार संस्थेकडे असतो, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका, आणि विचारलंत की पाण्याची खबरही त्यांच्याकडूनच पक्की मिळते.

काठावर बसायला सगळ्यात चांगला काळ नवरात्रापासून दिवाळीपर्यंतचा. परतीचा पाऊस ओसरत आलेला असतो, दरवाजे बहुतेक बंद, वीजगृहाचा विसर्ग असला तरी एकसारखा, पाणी निवळायला लागतं आणि मरळ, चिलापी कडेला येतात. फक्त ऑक्टोबरात बंधाऱ्यांना बरगे घालायला सुरुवात होते, मग बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला दोन दिवसांत पाणी चढतं आणि खालच्या अंगाला आटतं, तेव्हा आदल्या आठवड्याची जागा तशीच असेल असं धरू नका, काठी नव्याने रोवा.