प्लास्टरमधले सहा आठवडे: घरी अडकलात तर या चुका टाळा

जिना संपला असं वाटलं आणि एक पायरी बाकी होती. घोटा मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, राहायला दुसरा मजला आणि लिफ्ट नाही. पहिल्या पंधरा दिवसांत मन रमवायला मी जे जे केलं, ते बहुतेक फसलं. तेच आधी सांगते.

मोठे बेत आखू नका. वेळच वेळ आहे म्हणून मी हजार तुकड्यांचं कोडं मागवलं, विणायच्या सुया शोधल्या, उशाशी पुस्तकांचा ढीग लावला. चौथ्या दिवशी ढिगाकडे बघूनच दमायला झालं. अडकलेल्या माणसाकडे वेळ असतो, उमेद नसते. वीस मिनिटांत आटपेल आणि उद्या पुन्हा डोकावून बघावंसं वाटेल, एवढंच काम घ्या. (सुई शेवटी प्लास्टरच्या आत खाजवायला वापरली आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. आत ओरखडा उठला तर तो चिघळतो आणि वरून कळतही नाही. हेअर ड्रायरची गार हवा काठावरून सोडा, बरं वाटतं.)

जेवण, फोन, झोप सगळं पलंगावरच नको. दिवस उगवला कधी, मावळला कधी, पत्ता लागत नाही. मी खिडकीशी एक खुर्ची टाकली आणि तिला ‘बाहेर’ म्हणायला लागले. “आई, मी जरा बाहेर जाऊन येते,” म्हटलं की सासूबाई हसत वॉकर पुढे करायच्या. खिडकी दक्षिणेची. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे भर दुपारी ऊन थेट सोफ्याच्या पायापर्यंत येतं. जूनमध्ये त्याच खिडकीतून उन्हाचा कवडसाही मिळत नाही. प्लास्टरमधून डोकावणारी पाच बोटं त्या उन्हात धरून बसायचं. 22 डिसेंबरनंतर पट्टा मागे सरकायला लागला. फरशीच्या सांध्यावरून मी रोज मोजायची. संक्रांतीपर्यंत अर्धी फरशी गेली.

पक्षी यावेत म्हणून तांदूळ टाकू नका. पक्षी येत नाहीत, पारवे येतात. तिसऱ्या दिवशी ते पडद्याच्या दांडीवर बसले होते आणि खालच्या काकूंची वाळत घातलेली चादर पुन्हा धुवावी लागली. दाणे बंद केले, मातीच्या पसरट थाळीत पाणी ठेवलं. पाणी रोज बदलायचं आणि थाळी घासायची, नाहीतर आठवड्याभरात डास तयार. बुलबुल यायला लागले. समोरच्या गच्चीवर थंडीचा पाहुणा परीटही दिसला, शेपटी खालीवर करत.

अख्खे धणे पेरू नका. एका धण्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलकेच दाबून दोन भाग करायचे, रात्रभर भिजवायचे, मग पेरायचे. तरी आठ-बारा दिवस वाट बघावी लागते. रोज पाणी घालून चिखल केलात तर बी कुजतं. माझी पहिली कुंडी अशीच गेली. धीर नसेल तर मेथी टाका, तीन-चार दिवसांत वर येते.

सगळं आपल्या मर्जीने ऐकू-पाहू नका. फोनवर हवं ते लगेच मिळतं, म्हणून कशाचीच वाट बघणं उरत नाही. विविध भारती 1957 पासून चालू आहे. रात्री दहाला छायागीत लागतं. चुकलं तर चुकलं. त्या दहा वाजण्याला म्हणून किंमत येते.

काही दिवस तरीही वाईटच जातात. तेव्हा लवकर झोपा. पण दोन आठवडे कशातच मन लागलं नाही, तर डॉक्टरांशी बोला किंवा 14416 या टेली-मानसच्या (मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी) नंबरवर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

आणि वाल सोलायची घाई करू नका. बसून करायच्या कामांत याच्या तोडीचं काही नाही. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे. थंडीत मोड यायला दीड दिवस जातो. मी दर दोन तासांनी गाठ सोडून बघायची, मग ऊब जायची आणि मोड अडायचे. मोड आले की कोमट पाण्यात थोडा वेळ टाकायचे. गार पाण्यात साल चिकटून बसते आणि नखं दुखतात. नीट भिजलेला वाल चिमटीत दाबला की डाळिंबी सुळकन निसटते, साल बोटात राहते. पहिल्यांदा एक उडून थेट सासूबाईंच्या चहात पडली.

त्यांनी चमच्याने ती काढली, बशीत ठेवली आणि म्हणाल्या, “अगं, परवासाठी अजून वाटीभर भिजत घालू का?”