अल्कीनचे आयसोमर आणि समावेशन अभिक्रिया : या चुका टाळा

सी४एच८ चे अल्कीन आयसोमर किती, म्हणजे तेच अणू वेगवेगळे जोडून डबल बाँड असलेले किती पदार्थ बनतात? नागपुरात बर्डीवरच्या माझ्या शिकवणीत हा प्रश्न विचारला की पहिलं उत्तर हमखास 'तीन' येतं. ब्युट-१-ईन, ब्युट-२-ईन आणि २-मिथिलप्रोपीन. खरं उत्तर चार, कारण ब्युट-२-ईनचे सिस (सारखे गट डबल बाँडच्या एकाच बाजूला) आणि ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) हे दोन वेगळे पदार्थ आहेत. सिस साधारण ३.७ अंश सेल्सिअसला उकळतो, ट्रान्स ०.९ ला. प्रश्नात 'अल्कीन' हा शब्दच नसेल, तर सायक्लोब्युटेन आणि मिथिलसायक्लोप्रोपेनही मोजा.

हे एकदा पटलं की पोट्टे दुसऱ्या टोकाला जातात. दिसला डबल बाँड की काढ सिस-ट्रान्स! थांबा. आधी डबल बाँडच्या एकेका कार्बनवर बोट ठेवा आणि त्याला लागलेले दोन गट वेगळे आहेत का ते बघा. एका जरी कार्बनवर दोन्ही गट सारखे निघाले, तर सिस-ट्रान्स नाही.

आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की मी एक वर्गात नेतो. मेणबत्तीच्या ज्योतीजवळ साल मुरडली की बारीक ठिणग्या उडतात. ते सालीतलं तेल, मुख्यतः लिमोनीन. त्यात दोन डबल बाँड आहेत, पण सिस-ट्रान्स जोडी एकही नाही. कड्याबाहेरच्या डबल बाँडच्या टोकाला दोन हायड्रोजन आहेत, आणि सहा कार्बनच्या कड्यात ट्रान्स डबल बाँड टिकत नाही. तरीही लिमोनीनला आरशातल्या प्रतिमेसारखा एक आयसोमर आहेच, कारण त्याच्या एका कार्बनवर चारही गट वेगळे आहेत. म्हणून सिस-ट्रान्स नाही म्हणजे आयसोमरच नाहीत, असं लिहू नका.

आता समावेशन, म्हणजे डबल बाँड उघडून त्याच्या दोन्ही कार्बनना नवे गट जोडणं. मार्कोव्हनिकोव्हचा नियम (हायड्रोजन जातो आधीच जास्त हायड्रोजन असलेल्या कार्बनला) सगळ्यांना पाठ असतो, पण मधला कार्बोकॅटायन, म्हणजे धन प्रभार असलेला कार्बन, कुणी काढत नाही. सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. ३-मिथिलब्युट-१-ईनवर एचबीआरची (हायड्रोजन ब्रोमाइडची) क्रिया झाली की आधी दुय्यम (दोन कार्बनना जोडलेला) कार्बोकॅटायन बनतो. शेजारचा हायड्रोजन सरकला की तो जास्त स्थिर असा तृतीयक (तीन कार्बनना जोडलेला) होतो. म्हणून २-ब्रोमो-२-मिथिलब्युटेनही बरंच मिळतं. नुसत्या नियमावर विसंबलात तर हे उत्पादन तुम्हाला दिसणारच नाही.

पेरॉक्साइड दिसलं की उत्तर मार्कोव्हनिकोव्हच्या उलटं करायचं, हीसुद्धा चूक. खराश आणि मेयो यांनी १९३३ मध्ये मांडलेला हा परिणाम फक्त एचबीआरला लागू पडतो. प्रोपीन आणि एचसीएल असेल, तर पेरॉक्साइड असतानाही २-क्लोरोप्रोपेनच लिहा. एचसीएलचा बंध इतका मजबूत आहे की मुक्त मूलकांची (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या कणांची) साखळी पुढे चालत नाही.

डबल बाँडवर ब्रोमिन जोडताना त्याचे दोन अणू मात्र वहीत नेहमी एकाच बाजूला काढलेले सापडतात. पहिला ब्रोमिन दोन्ही कार्बनना धरून एक बाजू अडवतो, म्हणून दुसऱ्याला मागूनच यावं लागतं. त्यामुळे ट्रान्स-ब्युट-२-ईनपासून मेसो (आरशातली प्रतिमाही तीच असलेलं) २,३-डायब्रोमोब्युटेन मिळतं आणि सिसपासून रेसेमिक, म्हणजे आरशातल्या दोन प्रतिमांचं सारख्या प्रमाणातलं मिश्रण. थंड, सौम्य पोटॅशियम परमँगनेट मात्र दोन्ही ओएच गट एकाच बाजूने जोडतं, म्हणून तिथे मेसो डायॉल (दोन ओएच असलेला पदार्थ) सिसपासून मिळतो.