डाइव्ह ट्रिप ऑपरेटरने कॅन्सल केली? या चुका टाळा

माझी पहिली चूक अंगठ्याची होती. स्कूबा डाइव्हिंगच्या ट्रिपच्या आदल्या संध्याकाळी बॅग भरून, मास्क-फिन्स वर ठेवून बसलेलो आणि मेसेज आला, "उद्या बोट निघत नाहीये, पुढच्या आठवड्यात ॲडजस्ट करतो." मी थम्ब्स-अप टाकला आणि झोपलो. नंतर रिफंड मागितला तर म्हणे तुम्हीच तारीख बदलायला हो म्हणालात, हा बघा अंगठा. सावकाराने कोऱ्या कागदावर घ्यावा तसा माझा अंगठा घेतला की राव!

तर असा मेसेज आला की लगेच काही कबूल करू नका. "ट्रिप तुमच्याकडून कॅन्सल झाली आहे, हे कारणासकट लेखी कळवा" एवढंच लिहा. कारण कशाला हवं, तर खराब हवामान, बंद बंदर, बिघडलेला कॉम्प्रेसर (टाक्यांत हवा भरायचं मशीन), माणसं कमी भरली, यातल्या प्रत्येकाला बुकिंगच्या अटी वेगळ्या असू शकतात, आणि इन्शुरन्सवाले पण आधी तेच विचारतात.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे स्वतः कॅन्सलचं बटण दाबणं. ऑपरेटर गोड आवाजात सांगतो की तुम्हीच ॲपवरून कॅन्सल करा म्हणजे पटकन प्रोसेस होईल. अजिबात करू नका. बटण दाबलं की रेकॉर्डला कॅन्सलेशन तुमचं, मग शेवटच्या क्षणी माघार घेतली म्हणून कापाकापी, कधीकधी सगळेच पैसे गेले. त्यांनी कॅन्सल केलीये ना, मग बटण पण त्यांनीच दाबू दे.

रिफंडऐवजी पुढच्या ट्रिपचं व्हाउचर देतात, त्याचं पण तसंच. ऑपरेटर धडधाकट असेल आणि तुम्ही परत जाणारच असाल तर ठीक, पण तो बुडाला तर व्हाउचर म्हणजे नुसता कागद. आणि एकदा व्हाउचर घेतलं की नंतर बँकेत भांडायला तोंड राहत नाही.

बँकेवरून आठवलं, कार्डाने पैसे भरले असतील तर सेवा मिळाली नाही म्हणून चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो. व्हिसा, मास्टरकार्डला त्याची मुदत साधारण १२० दिवसांची असते, ती कुठल्या तारखेपासून मोजतात ते बँकेला पहिल्याच फोनवर विचारा, कारण "या शुक्रवारी नक्की टाकतो" ऐकत ऐकत हे दिवस कधी संपतात कळत पण नाही. आधी ऑपरेटरकडे लेखी रिफंड मागितल्याचा पुरावा जवळ ठेवा. थेट बँक ट्रान्सफर केलं असेल तर ही सोय नाही.

इन्शुरन्समध्ये बरेच जण गंडतात. डाइव्ह इन्शुरन्स म्हणजे मुख्यतः अपघाताचा, बेंड्स झाले (वर येताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा त्रास), त्यावर उपचाराला प्रेशर चेंबरमध्ये जावं लागलं तर. ट्रिपचे पैसे बघायचे ते ट्रॅव्हल पॉलिसीत, आणि वादळाला नाव पडल्यावर घेतलेली पॉलिसी त्या वादळासाठी सहसा कामाची नसते.

आता शेवटची चूक, जी पैशांची नाहीच. दुसऱ्या एका ट्रिपला समुद्र खवळला म्हणून आमचे डाइव्ह रद्द झाले, आणि ऑपरेटर म्हणाला शेवटच्या दिवशी दोन डाइव्ह मारून घ्या. साइट पण बदललेली, २८ मीटरवरचं बुडालेलं जहाज, ग्रुपमधल्या दोघांकडे फक्त ओपन वॉटर हे सुरुवातीचं सर्टिफिकेट, म्हणजे त्यांची लिमिट १८ मीटर. त्यात फ्लाइट दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला. एकापेक्षा जास्त डाइव्ह केले की विमानात बसायच्या आधी किमान १८ तास थांबा असं डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डाइव्ह सुरक्षेची संस्था) सांगतं, आणि डेको स्टॉप, म्हणजे वर येताना मध्ये सक्तीने थांबणं, लागला असेल तर त्याहून बरंच जास्त. दुसरा डाइव्ह दुपारी १ ला संपणार होता. बोटीवरच बोटं मोजली, १७ तास. "एवढ्या लांब आलोय तर" असं कुणीतरी म्हणालंच, पण मी कोरडा वेटसूट तसाच घडी घालून बॅगेत टाकला आणि त्या दोन डाइव्हचा रिफंड लेखी मागितला.