चेनसॉचा सायलेन्सर मोकळा करण्याची पद्धत आणि त्यानंतरचे कार्बोरेटर सेटिंग

चेनसॉचा सायलेन्सर कारखान्यात तयार होतो तेव्हा त्याचे तोंड आवाजाच्या आणि धुराच्या मर्यादा सांभाळून ठरवलेले असते, त्यामुळे बहुतेक यंत्रांत ते इंजिनाच्या गरजेपेक्षा लहान राहते. ते योग्य तेवढे मोठे केल्यास जळका वायू लवकर बाहेर पडतो, सिलेंडरमध्ये ताजे मिश्रण जास्त शिरते आणि जाड लाकडात बार (चेन ज्यावर फिरते ती पट्टी) पूर्ण बुडलेला असतानाही यंत्र दमत नाही. भोक पाडण्याचे काम नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधल्या कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात थोड्या वेळात होते. पिस्टन वाचतो की जाम होतो, हे मात्र त्यानंतर कार्बोरेटर (हवा व पेट्रोल मिसळणारा भाग) कसा सेट केला यावर ठरते, आणि नेमका तोच भाग घाईत उरकला जातो. म्हणून या लेखात भोकापेक्षा सेटिंगला जास्त जागा दिली आहे.

‘मशीन ओढत नाही’ अशी तक्रार असेल तर सायलेन्सरला हात लावण्याआधी इतर कारणे तपासावीत. बाभळीसारख्या कठीण लाकडात किंवा मातीत रुतलेल्या द्राक्षाच्या खोडात एकदा चेन घासली गेली की तिची धार जाते, आणि बोथट चेनचा दोष नेहमी इंजिनाच्या माथी मारला जातो. एअर फिल्टर, पेट्रोल टाकीतील फिल्टर आणि इंधनाची नळी पाहावी. कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) मोजावे, चांगल्या स्थितीतील इंजिन साधारण १५० पीएसआयच्या आसपास दाखवते, आणि ते शंभराच्या जवळ आले असेल तर सायलेन्सर मोकळा करून काहीही साधणार नाही. शेवटी सायलेन्सरच्या तोंडावरची बारीक जाळी काढून पाहावी. मिश्रणात ऑइल अंदाजाने ओतण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. त्याची काजळी या जाळीवर बसते आणि हळूहळू तिची छिद्रे बुजतात. अशी जाळी गॅसच्या ज्योतीवर लाल करून तारेच्या ब्रशने घासली की अनेक यंत्रे पुन्हा पहिल्यासारखी चालतात, आणि मग पुढचे काहीच करावे लागत नाही.

यंत्र या कामाला योग्य आहे का, हेही आधी ठरवावे. ज्याच्या कार्बोरेटरवर एच (पूर्ण वेगावरचे पेट्रोल ठरवणारा) आणि एल (कमी वेगावरचे) असे दोन्ही स्क्रू फिरवता येतात, असे साधे टू-स्ट्रोक यंत्र उत्तम. बाजारात स्वस्तात मिळणारी ५२ आणि ५८ सीसीची यंत्रे बहुधा याच प्रकारची असतात, फक्त त्यांच्या स्क्रूचे डोके दातेरी असल्यामुळे त्यासाठी वेगळा स्क्रूड्रायव्हर लागतो. स्टिलच्या एम-ट्रॉनिक किंवा हस्कवर्नाच्या ऑटोट्यून प्रणालीत इंधनाचे प्रमाण यंत्र स्वतःच जुळवून घेते, पण त्यालाही एक मर्यादा असते, म्हणून अशा यंत्रात बदल माफकच ठेवावा. एचचा जेट कायमचा ठरलेला असून स्क्रू नसेल, तर हा बदल करू नये. सायलेन्सरच्या आत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो फोडून काढण्याचा मोह टाळावा. त्याचा चुरा इंजिनात जाण्याचा धोका असतो, शिवाय धुराची मर्यादा सरळ मोडली जाते. यंत्र वॉरंटीत असेल तर ती या बदलाने संपते, हेही मालकाला आधी सांगावे.

काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सुरू करावे. प्लगची टोपी काढून बार व चेन बाजूला ठेवावी आणि सायलेन्सरचे बोल्ट सोडवावेत. सायलेन्सर निघाला की उघड्या एक्झॉस्ट पोर्टमधून (सिलेंडरमधून धूर बाहेर पडण्याच्या भोकातून) पिस्टन दिसतो. ही संधी वाया घालवू नये. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे असतील तर यंत्र आधीच कधीतरी तापलेले आहे, आणि ते दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. पिस्टन स्वच्छ असेल तर स्टार्टरची दोरी सावकाश ओढून तो वर आणावा, म्हणजे पोर्ट बंद होतो, आणि वरून स्वच्छ कापडाचा बोळा लावावा. धातूचा एक कणही आत गेला तर सिलेंडरवर रेघ पडते.

आता मापे घ्यावीत. एक्झॉस्ट पोर्टच्या क्षेत्रफळाच्या सुमारे ७० ते ८० टक्के एवढे सायलेन्सरचे एकूण तोंड असावे, असा हे काम करणाऱ्यांत रूढ असलेला ठोकताळा आहे. उदाहरणादाखल, पोर्ट २६ बाय १४ मिलिमीटरचा असेल तर कोपऱ्यांची गोलाई वजा जाता त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३४० चौरस मिलिमीटर भरते. मूळ तोंड १२ मिलिमीटर व्यासाचे असेल तर ते फक्त ११३ चौरस मिलिमीटर होते. त्यात १३ मिलिमीटर व्यासाचे आणखी एक भोक वाढवले की १३३ चौरस मिलिमीटरची भर पडते आणि बेरीज २४६ होते, म्हणजे पोर्टच्या ७२ टक्के. एवढे पुरे आहे. तोंड याहून फार वाढवले, तर टू-स्ट्रोक इंजिनात न जळलेले ताजे मिश्रणही धुराबरोबर बाहेर निसटते, खालच्या वेगावरची ताकद कमी होते, पेट्रोल जास्त लागते आणि हाती फक्त आवाज उरतो. सायलेन्सर पूर्ण रिकामा करून ‘रेसिंग’चा आवाज काढणाऱ्यांना हे पटत नाही, पण तेच लाकूड त्याच चेनने घड्याळ लावून कापून पाहिले की फरक समजतो.

दुसरे भोक शक्यतो मूळ तोंड ज्या बाजूला आहे त्याच समोरच्या बाजूला घ्यावे. धुराची दिशा चालवणाऱ्याच्या हातापासून, चेन ब्रेकच्या दांड्यापासून, प्लास्टिकच्या आवरणापासून आणि पेट्रोल व ऑइलच्या टाक्यांपासून दूर असावी. भोक आधी लहान ड्रिलने पाडून मग पायरीपायरीने मोठे करावे. वेग कमी ठेवावा आणि कटिंग ऑइल वापरावे, कारण पातळ पत्रा चटकन फाटतो. कडा कानशीने आतून-बाहेरून साफ कराव्यात. आत आडवा पडदा असेल तर तो काढण्याऐवजी त्याची भोके थोडी मोठी करणे मला जास्त योग्य वाटते, कारण तो पडदा डब्याला ताठपणा देतो. बोल्ट ज्या नळीतून आरपार जातात ती नळी कधीही कापू नये. ती गेली की बोल्ट आवळताना डबा चेपतो आणि बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होतात.

भोकावर छोटी नळी किंवा धूर वळवणारी पट्टी जोडायची असेल तर आधी डबा चांगला तापवून आतले ऑइल व काजळी जाळून टाकावी, नाहीतर वेल्डिंगला छिद्रे पडतात. टिग वेल्डिंग किंवा पितळेचे ब्रेझिंग या पातळ पत्र्याला मानवते. साध्या आर्क वेल्डिंगने पत्रा वितळून भोक पडण्याची शक्यता जास्त असते. दुकानात पडलेला जीआय पाइपचा तुकडा वापरण्याचा मोह होतो, पण त्यावरचा जस्ताचा थर तापला की विषारी वाफ निघते. साध्या लोखंडाची किंवा स्टेनलेस स्टीलची नळीच घ्यावी. काम झाल्यावर डबा केरोसीनने धुऊन, पूर्ण वाळवून, हवेच्या दाबाने फुंकावा आणि हातात धरून हलवावा. काहीही खुळखुळत असेल तर तो बसवू नये. स्टेनलेस स्टीलचे काही प्रकार लोहचुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे फक्त चुंबक फिरवून समाधान मानू नये.

नवीन तोंडावरही ठिणग्या अडवणारी जाळी बसवावी. सुमारे ०.६ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची स्टेनलेस स्टीलची जाळी यासाठी वापरतात. पेठ, सुरगाणा किंवा इगतपुरीच्या बाजूला मार्च ते मे या काळात जंगलातले गवत इतके वाळलेले असते की उघड्या सायलेन्सरमधून उडालेली काजळीची एक ठिणगी वणव्याला पुरेशी ठरते. जाळीची तार बरीच जागा खाते, त्यामुळे ती भोकाला घट्ट ताणून बसवण्यापेक्षा आतल्या बाजूने घुमटासारखी फुगवून बसवली तर वायूला पुरेशी वाट मिळते. सायलेन्सर परत लावताना पॅकिंग नवे घ्यावे. यंत्र एकदा पूर्ण तापून थंड झाले की बोल्ट पुन्हा आवळावेत.

यानंतरचा भाग सर्वात महत्त्वाचा आहे. धुराची वाट मोकळी झाल्यामुळे इंजिनात हवा जास्त येते, पण कार्बोरेटरची सुई (एच स्क्रूचे टोक) होती तिथेच असते; म्हणजे मिश्रण लीन होते, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. टू-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलमधूनच येत असल्यामुळे पेट्रोल कमी पडले की ऑइलही कमी पडते. उष्णता वाढते आणि वंगण घटते, दोन्ही एकाच वेळी, आणि पिस्टन जाम होतो. वाईट गोष्ट अशी की लीन झालेले यंत्र सुरुवातीला फार छान चालते: वेग वाढतो, आवाज तीक्ष्ण होतो, आणि मालकाला वाटते की बदल यशस्वी झाला.

म्हणून यंत्र पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वीच एचचा स्क्रू डावीकडे पाव फेरी उघडावा. तो आधी किती फेऱ्या उघडा होता ते लिहून ठेवावे. त्यासाठी स्क्रू हळूच आत फिरवून मोजता येतो, मात्र तळाशी जोर लावू नये, नाहीतर सुईची बैठक बिघडते. स्क्रूवर फिरण्याची मर्यादा घालणारी टोपी असेल तर ती काढावी लागेल. मग यंत्र सुरू करून हलक्या कामावर काही मिनिटे तापू द्यावे. प्रथम एलचा स्क्रू असा जुळवावा की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिन न अडखळता उचल घेईल. त्यानंतर आयडलचा (अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरच्या वेगाचा) स्क्रू असा ठेवावा की इंजिन बंद पडणार नाही आणि चेनही फिरणार नाही. आयडलला चेन फिरत असेल तर ते यंत्र कोणाच्याही हाती देऊ नये.

एचचे सेटिंग बार आणि चेन बसवलेली असतानाच करावे. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर, लाकडाबाहेर, इंजिनाचा आवाज सलग तीक्ष्ण न येता किंचित फडफडता आला पाहिजे, आणि बार लाकडात टेकवताच ती फडफड जाऊन आवाज स्वच्छ झाला पाहिजे. लाकडातही फडफड राहिली तर मिश्रण रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त आहे. लाकडाबाहेर फडफड अजिबातच नसेल तर ते लीन आहे. रिकाम्या यंत्राला पूर्ण वेग एका वेळी काही सेकंदांपेक्षा जास्त देऊ नये. टॅकोमीटर (इंजिनाचा वेग मोजणारे साधन) असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेला कमाल वेग ही वरची सीमा मानावी आणि त्याच्या ३०० ते ५०० आरपीएम खालीच थांबावे. काही यंत्रांच्या कॉइलमध्ये (प्लगला ठिणगी देणाऱ्या भागात) वेगमर्यादा बसवलेली असते. ती लागू झाली की तसाच फडफडता आवाज येतो आणि रिच असल्याचा भास होतो. अशा यंत्रात सुई आधी भरपूर उघडून, त्या मर्यादेच्या बऱ्याच खालून सेटिंग करत वर यावे.

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे किनाऱ्यावर सेट केलेले यंत्र इथे किंचित रिच चालते. त्याहून मोठा फरक ऋतूंचा पडतो. एप्रिलच्या चाळीस अंशांत मालेगावकडे जुळवलेला एच डिसेंबरच्या पहाटे निफाडच्या थंडीत लीन ठरतो, कारण थंड हवा दाट असते. थंडी सुरू झाली की एच थोडा उघडावा आणि उन्हाळ्यात पुन्हा तपासावा.

इंधनही याच हिशेबात धरावे. ५०:१ साठी एका लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर आणि २५:१ साठी ४० मिलिलिटर टू-टी ऑइल लागते. यंत्राच्या मॅन्युअलमधले प्रमाण पाळावे आणि ते मापानेच घालावे. जास्त ऑइल घातले तर सुरक्षित, हा समज अर्धवट आहे, कारण ऑइल वाढले की त्याच मापात पेट्रोल कमी होते आणि मिश्रण उलट लीनकडे झुकते. पंपावरच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्येही हाच कल असतो, शिवाय ते हवेतले पाणी ओढून घेते. मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि यंत्र बरेच दिवस ठेवायचे असेल तर टाकी रिकामी करावी.

चेनसॉचा आवाज मूळ सायलेन्सरसहही चालवणाऱ्याच्या कानाजवळ १०० डेसिबलच्या वर जातो. बदलानंतर तो आणखी वाढतो. चांगले इअरमफ घातल्याशिवाय असे यंत्र वापरू नये. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, त्यामुळे गंगापूर रोडच्या किंवा इंदिरानगरच्या सोसायटीत फांद्या छाटणाऱ्याने मूळ सायलेन्सर जपून ठेवावा आणि शहरातल्या कामाला तोच लावावा. मात्र सायलेन्सर बदलला की दर वेळी एच पुन्हा जुळवावा लागतो. मूळ सायलेन्सरवर यंत्र रिच राहिले तर फक्त धूर होतो; उलट बाजूला, मूळ सायलेन्सरच्या सेटिंगवर मोकळा सायलेन्सर लावला तर पिस्टन जातो.

पहिली टाकी संपल्यावर प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी रंग योग्य, पांढरट असेल तर एच लगेच उघडावा, आणि काळा ओलसर असेल तर थोडा बंद करावा. नंतर बोल्ट, पॅकिंगभोवती धुराचे डाग आणि जाळीवरची काजळी दर काही टाक्यांनी तपासावी.